तोंड सारखं कोरडं पडतंय? बाटली तोंडाला लावायच्या आधी हे बघा

परळला आमचं मेडिकल आहे, आणि उन्हाळ्यात आणि मग परत ऑक्टोबर हीटमध्ये एक ठरलेलं गिऱ्हाईक येतंच, चेहरे वेगळे पण वाक्य तेच, "दादा, तोंडाला सारखी कोरड पडते, काहीतरी गोळी द्या ना." हे लोक घरच्यांचा सल्ला घेऊन झाल्यावरच आलेले असतात आणि घरोघरी सल्ला एकच, तू पाणी कमी पितोस. मग बिचारे दिवसभर बाटली घेऊन फिरतात, बाथरूमच्या फेऱ्या वाढतात, रात्रीची झोपमोड होते आणि तोंड आहे तसंच. थोड्या दिवसांनी परत काउंटरवर हजर.

मी पहिला प्रश्न विचारतो तो "किती पाणी पिता" हा नाही, "कधी कोरडं पडतं" हा. रात्री? ऑफिसात? जेवताना? का चोवीस तास? कारण तोंड कोरडं वाटणं आणि लाळ खरंच कमी असणं या दोन वेगळ्या भानगडी आहेत, कधी दोन्ही एकत्र असतात, कधी एकच असते. हे एकदा कळलं की पुढचं शोधणं सोपं जातं, नाहीतर तुम्ही महिनोन्‌महिने स्प्रे आणि गोळ्यांवर पैसे घालवत बसणार, आणि मी विकत बसणार. माझं काय जातंय म्हणा.

नॉर्मल म्हणजे किती, ते आधी

धडधाकट मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती एकसारखी येत नाही. नुसतं बसलेलो असताना, काही खात-चघळत नसताना, मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिली. काही चघळायला घेतलं की तीच दीड-दोन मिलीवर जाते. आणि गाढ झोपेत जवळपास बंद. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या तोंड चिकट, जीभ टाळूला लागलेली, तोंडाला वास, हे थोडंफार सगळ्यांनाच होतं, ब्रश करून चहा घेतला की दहा मिनिटांत गेलं तर त्यात काही आजार शोधू नका.

लाळ येते कुठून हे बहुतेकांना माहीतच नसतं, घशातून येते असं वाटतं. मोठ्या ग्रंथी तीन जोड्या. एक कानाच्या पुढे गालात, गालगुंड झाल्यावर सुजते ती. दुसरी जबड्याच्या हाडाखाली. तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू इथे शेकड्यांनी बारीक ग्रंथी असतात. आपण शांत बसलेलो असतो तेव्हा निम्म्याहून जास्त काम जबड्याखालची जोडी करते, आणि जेवायला बसलं की गालातली मोठी ग्रंथी पुढे येते, तिची लाळ पातळ पाण्यासारखी. जिभेखालची आणि बारीक ग्रंथींची जरा चिकट, बुळबुळीत. त्यामुळे "लाळ आहे पण तारेसारखी चिकट झालीय" अशी तक्रार असेल तर बऱ्याचदा पातळ भाग कमी झालेला असतो, चिकट भाग तेवढाच राहिलेला असतो.

आरशासमोर बघायचं असेल तर बघा, मजा येते. जीभ वर टाळूला लावा, खाली मधोमध जो पडदा दिसतो त्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दोन टिंबं असतात, जबड्याखालच्या ग्रंथींची तोंडं तीच. स्वच्छ रुमालाने ती जागा टिपून कोरडी करा आणि चिंचेचा एक कण जिभेवर ठेवा. काही सेकंदांत त्या टिंबांवर चकचकीत थेंब वर येताना दिसतो. गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, जिभेच्या टोकाला लागेल असा एक बारीक उंचवटा असतो, ते गालाच्या ग्रंथीचं तोंड. थेंब स्वच्छ आला पाहिजे. गढूळ, पिवळसर, पू असल्यासारखा आला किंवा दाबल्यावर दुखलं तर घरगुती उपाय बंद, सरळ डॉक्टर.

आता मुद्द्याची गोष्ट, जी ऐकून लोक चमकतात. आपली स्वतःची नेहमीची लाळ साधारण निम्म्यावर आली की माणसाला कोरडं वाटायला लागतं. म्हणजे एखाद्याची नेहमीची ०.६ असेल आणि ती ०.३ झाली तर पुस्तकाप्रमाणे तो नॉर्मल, पण त्याला मात्र तोंडात वाळू भरल्यासारखं वाटतंय, आणि डॉक्टर म्हणणार सगळं ठीक आहे, टेन्शन घेऊ नका. उलट एखाद्याची पहिल्यापासूनच ०.१५ असते, त्याला काही वाटत नाही आणि दातांच्या मुळाशी कीड लागत राहते. त्यामुळे तक्रार खोटी आहे असं घरच्यांनीही म्हणू नये आणि तक्रार नाही म्हणून सगळं आलबेल असंही समजू नये.

दिवसाचाही फरक असतो. दुपारनंतर लाळ सगळ्यात जास्त, रात्री सगळ्यात कमी. उन्हाळ्यात थंडीपेक्षा थोडी कमी. म्हणून एक दिवस सकाळी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजून "कमी झाली हो" म्हणत बसू नका, मोजायचं तर रोज एकाच वेळेला.

घरी मोजता येते

कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. खोकल्याच्या औषधावरचं मापाचं झाकण किंवा छोटी वाटी घ्या आणि आमच्याकडून ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या, काही रुपयांत मिळते. आधी तासभर तरी खाणं, पिणं, ब्रश, सिगरेट, तंबाखू काही नको. खुर्चीत ताठ बसायचं, मान थोडी पुढे झुकवायची, एकदा गिळून तोंड रिकामं करायचं आणि घड्याळ लावायचं. पाच मिनिटं काही गिळायचं नाही, खाकरायचं नाही, जीभ हलवायची नाही, लाळ आपोआप साठू द्यायची आणि वाटीत सोडायची. मोबाईल बघू नका, त्यात कुणी मिसळपावचा फोटो टाकला की तोंडाला पाणी सुटून सगळा हिशोब बिघडला. फेस येतो तो बसू द्या आणि मग सिरिंजने ओढून मापा.

पाच मिनिटांत अर्ध्या मिलीपेक्षा कमी, म्हणजे मिनिटाला ०.१ च्या खाली, तर लाळ खरंच कमी आहे. दीड-दोन मिली आली तर सर्वसाधारण. मधलं काहीतरी आलं तर दोन-तीन दिवस त्याच वेळेला परत करून बघा.

मग दुसरा भाग, चघळून. बिनसाखरेचं च्युइंगगम घ्या, पहिलं मिनिटभर चघळून चव घालवा आणि ती लाळ गिळून टाका, मग पुढची पाच मिनिटं चघळत चघळत लाळ वाटीत. इथे साडेतीन मिलीच्या खाली म्हणजे कमी. लॅबमध्ये यासाठी बिनचवीचं मेण चघळायला देतात, त्यामुळे घरचा आकडा थोडा फुगलेला येणार, चालेल, आपल्याला दिशा हवीय, रिपोर्ट नकोय.

आणि दिशा अशी मिळते. बसल्या बसल्या कमी पण चघळल्यावर भरपूर, म्हणजे ग्रंथी जिवंत आहेत, त्यांना हुकूम नीट पोचत नाहीये किंवा शरीरात पाणी कमी पडतंय, म्हणजे गोळ्या, पाणी, टेन्शन या बाजूला शोधा. दोन्ही वेळेला कमी, तर ग्रंथीतच काही बिघाड असू शकतो, इथे घरी वेळ काढायचा नाही. आणि दोन्ही वेळेला व्यवस्थित, तरी कोरडं वाटतंय, तर लाळ येतेय पण सुकतेय कुठेतरी, बहुतेक वेळा तोंडाने श्वास, नाहीतर जिभेच्या नसांची जळजळ, जी पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांमध्ये जास्त दिसते.

मोजायचा कंटाळा असेल तर खारी चहात न बुडवता खाऊन बघा. अर्धी खारी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसेल तर समजा.

रात्री आणि सकाळी कोरडं, दिवसा ठीक

हे सगळ्यात कॉमन, आणि इथे नव्वद टक्के लोक चुकीच्या जागी औषध शोधतात असं मला वाटतं. झोपेत लाळ तशीही नसते, त्यात तोंड उघडं राहिलं आणि वरून एसी किंवा पंखा थेट तोंडावर, की झालं. मुंबईची हवा एवढी दमट, कपडे वाळत नाहीत, आणि आम्ही बंद खोलीत एसी लावून तीच हवा सुकवून घेतो.

तेव्हा नाक बघा. नाक चोंदतं का, एक बाजू कायम बंद का, घोरता का, हे स्वतःला कळत नाही, बायकोला किंवा नवऱ्याला विचारा. घोरणं मोठं असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, दिवसा ट्रेनमध्ये उभ्या उभ्या झोप लागत असेल तर तो झोपेतल्या श्वासाचा आजार असू शकतो, ईएनटीकडे जा. हल्ली रात्री तोंडाला पट्टी चिकटवून झोपायचं फॅड आलंय, पट्टी मागायला माझ्याकडेही येतात, नाक बंद असलेल्याने किंवा घोरणाऱ्याने हे अजिबात करू नका. नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांच्या वर वापरू नका, त्यांनी नाक उलट जास्त चोंदतं आणि मग ती बाटली सुटत नाही. साधं सलाईन पाणी नाकात मारा, ते कितीही दिवस चालतं.

रात्री सर्दीची किंवा खाजेची गोळी घेऊन झोपत असाल तर खाली गोळ्यांचं वाचा. कवळी असेल तर रात्री काढून पाण्यात ठेवायची. आणि रात्रीचा ब्रश, हा मात्र सोडायचा नाही, कारण रात्रभर दातांवरून साखर आणि आम्ल धुऊन न्यायला लाळ नसते. ब्रश केल्यावर साखर घातलेलं दूध पिऊन झोपणारी माणसं आहेत आमच्या घरातच, त्यांना सांगून जीभ झिजली.

ऑफिसात, प्रवासात कोरडं

इथे पाण्याचा मुद्दा खरा आहे, पण तो आळसाचा नाही. डोंबिवलीहून, विरारहून, बदलापूरहून येणाऱ्या बायका सकाळी निघताना मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण स्टेशनवरच्या बाथरूममध्ये पाय ठेवावासा वाटत नाही आणि लोकलमध्ये सोय नाही. दीड तास जायला, दीड तास यायला, मध्ये ऑफिसात एसी. "पाणी प्या" म्हणणाऱ्याने आधी बाथरूम दाखवावं. शरीर पाणी वाचवायला लागलं की ज्या गोष्टी ते पहिल्यांदा कमी करतं त्यात लाळ येते, आणि शरीरातल्या पाण्यापैकी साधारण ८ टक्के कमी झालं तर लाळ जवळजवळ थांबतेच. आपण तिथपर्यंत जात नाही, पण अर्ध्या वाटेवरही तोंड चिकट होतं. लघवीचा रंग बघा, गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय. ऑफिसात पोचल्या पोचल्या एक ग्लास, मग तासातासाने चार घोट, आणि निघायच्या तासभर आधी थांबायचं, म्हणजे गाडीत पंचाईत होत नाही. एकदम अर्धी बाटली रिचवण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं. रंग फिकट असून तोंड कोरडंच असेल तर पाणी हे कारण नाही, बाटली खाली ठेवा.

टेन्शनने पण होतं. इंटरव्ह्यू, प्रेझेंटेशन, साहेबाची केबिन, तोंड सुकणारच, त्यात लाळ पातळ यायची ती कमी आणि घट्ट होते. तेवढ्यापुरतं असेल तर सोडून द्या. दिवसभर बोलायचं काम, म्हणजे शिक्षक, कॉल सेंटर, बस कंडक्टर, यांना तोंडाने श्वास घ्यावाच लागतो, घोटभर पाणी आणि मधे मधे दोन मिनिटं तोंड बंद ठेवणं, इतकंच. चहाबद्दल फार घाबरवतात लोक, दोन-तीन कप चहाने शरीर सुकत नाही, पण चहातली साखर कोरड्या तोंडात दातांना महागात जाते. कमी गोड करा.

गोळ्या, गोळ्या, गोळ्या

माझ्या मते मोठ्या वयाच्या माणसांत पहिला संशय इथेच घ्यायचा. वय झालं की तोंड सुकतंच असं सगळे म्हणतात, पण नुसत्या वयाने बसल्या वेळची लाळ थोडी कमी होते, चघळतानाची बऱ्यापैकी टिकते. वाढतात त्या गोळ्या.

परवा एक काका आले, पिशवी काउंटरवर उपडी केली. बीपीची एक, त्यातच लघवी जास्त करवणारी एक, रात्री वारंवार उठावं लागतं म्हणून लघवीच्या पिशवीसाठी एक, पायाच्या नसा दुखतात म्हणून अमिट्रिप्टिलिन, आणि सर्दीसाठी स्वतःच्या मनाने घेतलेली क्लोरफेनिरामिनवाली पाकिटातली गोळी. चार डॉक्टर, चार चिठ्ठ्या, आणि एकाला दुसऱ्याची माहिती नाही. काका म्हणतात, "सगळं नीट आहे हो, फक्त तोंड सुकतं, त्याची एक द्या." म्हणजे अजून एक. मी त्यांना गोळी दिली नाही, एक कागद दिला आणि म्हटलं यावर प्रत्येक गोळी कधी सुरू झाली आणि तोंड कधीपासून सुकतंय ते लिहा. लिहिताना त्यांचं त्यांनाच दिसलं, लघवीच्या पिशवीची गोळी आणि कोरड एकाच महिन्यातली. कोरड पडते म्हणून पाणी जास्त, पाणी जास्त म्हणून लघवी जास्त, लघवी जास्त म्हणून गोळीचा डोस वाढवला, डोस वाढला म्हणून अजून कोरड. असा गरगर फिरणारा प्रकार.

आत काय होतं तर, मेंदूकडून लाळग्रंथीला "सोड" हा निरोप असेटिलकोलिन नावाच्या रसायनातून जातो. बऱ्याच गोळ्या तो निरोपच अडवतात. ग्रंथी धडधाकट, पण घंटी वाजतच नाही. अशा गोळ्या म्हणजे सर्दी-खाजेच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या (सेट्रिझिननेही काहींना होतं), पोटातल्या मुरड्यावर देतात ती डायसायक्लोमिन, लघवीच्या पिशवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन, नसांच्या दुखण्याला आणि मायग्रेनला देतात ती अमिट्रिप्टिलिन, कंपवातासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल, दम्याच्या आणि सीओपीडीच्या (फुफ्फुसांचा जुनाट, धाप लावणारा आजार) पंपातलं टायोट्रोपियम. डिप्रेशनच्या आणि मानसिक आजाराच्या इतर बऱ्याच गोळ्यांनीही होतं. बीपीत क्लोनिडिन वेगळ्या रस्त्याने कोरड पाडते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि डायबिटीसमधली डॅपाग्लिफ्लोझिन शरीरातलं पाणी काढतात, त्याने तहान लागते. एकेका गोळीने थोडंच होईल, दोन-तीन एकत्र आल्या की बेरीज होते.

आणि हे वाचून कुणी गोळी बंद करू नका. बीपीची किंवा मानसिक आजाराची गोळी अचानक बंद केली तर भलतंच होऊन बसेल. ज्या डॉक्टरने दिलीय त्यालाच विचारायचं, वेळ बदलता येईल का, डोस कमी होईल का, त्याच कामाची कमी कोरड पाडणारी दुसरी आहे का. बऱ्याचदा असते. सर्दीची, खाजेची स्वतःच्या मनाने घेताय ती मात्र आजच थांबवा, तिला कुणाची परवानगी लागत नाही. स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि तीही कोरडं, जळजळीत वाटते.

चोवीस तास कोरडं

गोळ्या नाहीत, नाक मोकळं, पाणी नीट, तरी कोरडं. आता पैसे स्प्रेवर नको, तपासणीवर खर्च करा.

साखर पहिली. कोरड, तहान, लघवी, थकवा एकत्र असेल तर रक्तातली साखर बघा, उपाशीपोटी आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर). आमच्याकडे तोंडाच्या गोळीसाठी आलेल्या माणसाला ग्लुकोमीटर लावल्यावर साखर वाढलेली निघते, हे नवीन राहिलेलं नाही.

डोळेही कोरडे, खुपल्यासारखे, सांधे दुखतात, कानापुढे सूज येऊन जाते, आणि बाई चाळिशी-पन्नाशीतली, तर श्योग्रेन हा आजार डॉक्टरांकडून वगळून घ्या. स्वीडनमधल्या श्योग्रेन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १९३३ मध्ये तो नीट मांडला म्हणून ते नाव. शरीराचीच प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठते. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. "बाईचं वय झालं, पाळी जायची वेळ आली" म्हणून वर्षानुवर्षं टोलवलं जातं हे, फार राग येतो.

जेवायला बसलं की जबड्याखाली टम्म सुजतं आणि तासा-दोन तासांनी उतरतं, तर तो नळीतला खडा असण्याची शक्यता मोठी. लिंबू चोखून खडा बाहेर येतो म्हणतात, छोटा असेल तर येतोही, पण ताप किंवा पू असेल तर वाट बघू नका.

सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांसाठी वेगळं लिहितो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, मिळतो कुठे ते तुम्हाला माहीत, मला माहीत. तोंड कोरडं, तिखट लागलं की आग, आणि तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, तर आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर गालाच्या आतली कातडी कडक होत चाललीय, आणि यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. ही कोरड दूर करायला बडीशेप मागणारे येतात माझ्याकडे, मी सुपारी बंद कर आणि दंत कॉलेजला जा एवढंच सांगतो.

परळमध्ये, टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या भागात असल्यामुळे डोक्या-मानेवर शेक (कॅन्सरसाठी देतात ते रेडिएशन) घेतलेले पेशंट आणि त्यांची माणसं रोज येतात, हातात फाईल, गावाहून आलेले, कुणाकडे तरी उतरलेले. शेकाने लाळग्रंथीच जळतात, त्यामुळे ती कोरड महिनोन्‌महिने, कधी कायमची राहते. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. शेक सुरू व्हायच्या आधी दातांचं सगळं काम उरकून घ्या, नंतर दात काढणं धोक्याचं होतं. आणि फ्लोराईड कुठलं, किती, हे दातांच्या डॉक्टरकडून लिहून घ्या, कारण लाळ गेली की दात भराभर किडतात. डाळ-भात पातळ, चपाती आमटीत भिजवून, भाकरी ताकात कुस्करून, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घ्यायचं काय, नाही काय

बिनसाखरेचं च्युइंगगम सगळ्यात स्वस्त आणि ग्रंथी जिवंत असतील तर सगळ्यात बरं, झायलिटॉलवालं मिळालं तर उत्तम (घरात कुत्रा असेल तर त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, झायलिटॉल त्यांना विषारी आहे). कवळीला चिकटतं त्यांनी गाजर, काकडी चावावी. साधी बडीशेप चालेल, रंगीत साखर लावलेली नको.

लिंबाच्या गोळ्या, चिंचगोळी, आवळा सुपारी, यांनी लाळ सुटते हे खरं, पण ज्याची लाळ आधीच कमी आहे त्याच्या दातांवर ते आम्ल तसंच बसून राहतं. तोंडातला पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं, आणि तो परत वर आणायचं काम लाळच करते. एखाद्या वेळेस ठीक. दिवसभर गालात धरून बसायला नाही.

अल्कोहोलवालं माउथवॉश तोंड अजून सुकवतं, बाटलीमागे वाचून घ्या. कृत्रिम लाळेचे स्प्रे आणि जेल मिळतात, कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज असतं त्यात, ते लाळ वाढवत नाहीत, फक्त ओलावा धरतात, तोही थोडा वेळ, म्हणून जेवायच्या आधी, झोपायच्या आधी आणि बाहेर पडताना वापरा, जाहिरात बघून चार बाटल्या नेऊ नका. ग्रंथीला चाबूक मारून लाळ काढणारी पिलोकार्पिन नावाची गोळी आहे, घाम फुटतो तिने, आणि दमा आटोक्यात नसेल किंवा काचबिंदूचा ठरावीक प्रकार असेल तर चालत नाही. चिठ्ठीशिवाय मागू नका, मिळणार नाही.

दाखवायला जायचं तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, केसपेपर काढताना तोंडाच्या आजारांच्या विभागात पाठवा म्हणून सांगा, नाहीतर दात काढायच्या रांगेत उभे राहाल. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, नावं सांगत बसू नका, ती लक्षात राहत नाहीत. घरी मोजलेला आकडा आणि कोणत्या वेळेला मोजला ते लिहून न्या. तिथेही लाळ मोजतील, म्हणून रांगेत नंबर लागेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा मारायचा नाही, तो बाहेर आल्यावर.